तळ्याकाठचं गवत

—नाई, नाई, एजाज, तो पंप आधी खाली ठेव. लखननं पुन्यातून फोन केला ना तुले? ठाऊक हाये मले — 'माय एकटी हाये, बगीच्यात गवत माजलं, तननाशक मारून दे.' त्याचं काय जाते? बोटानं फोन दाबला, झालं त्याचं निंदन! पन तळं पाह्यलं का तू? गवताले लागूनच हाये. हवा कोनीकून येऊन राह्यली? अनसिंग गावाकून. म्हंजे तुहा फवारा सीधा पान्यावर. मंग मेलेल्या मासोया काढाले कोन येईन — लखन?

बस त्या दगडावर. चहा मांडला हाये. काय म्हनतं — पान्यापाशी चालनारं औषध बी असते? असंन बापा. तुह्या डब्यावर लिहिलं हाये का तसं? नाई ना? मासोयाइले वाचता येत नाई, तुले तं येते! माही रीत सोपी. माती नरम असली का खुरप्यानं मुळासकट काढाचं, वरून सोयाबीनचं कुटार-भुस आथराचं. आनं उपटलेलं गवत तळ्यात नाई फेकाचं — सडते, पानी घुसमटते, मंग मासोया वर येऊन आ करतात. लखनच्या बाबानं सोडल्या ह्या मासोया. ते गेले, मासोया राह्यल्या.

आनं हे गवत निंदाले मजुरीनं येते ना ती हेमला. पयले आमच्या वावरात बाया ओळीनं बसत — गानी काय, भांडनं काय, सुनाइच्या चुगल्या काय! तननाशक आलं, बाया गेल्या. आता वावरात मानूस दिसत नाई, पंप दिसते. ही तळ्याकाठची पट्टीच तेवढी राह्यली. इथं फवारा चालत नाई, म्हनून हेमला येते. एक ओळ निंदते, मंग बसते बोलत, तिच्या नातीचं सांगते, माहं ऐकते — काय? एकदा मारलं का दोन-तीन महिने उगवत नाई? अरे, मंग दोन-तीन महिने इथं येईन कोन?

…म्हंजे, मासोयाइचं म्हनून राह्यली मी. मासोयाइचं.

खाली काय पाहून राह्यला? हाये जमीन ओली, त्यात काय? झेंडूले पानी देल्लं. — हो, झेंडू तिकून हाये. इथं निरं गवतच हाये. मंग नळी फुटली असंन… नाई फुटली. मोठा पारखी लागून गेला! मीच सोडली नळी. गवत लवकर वाढलं का हेमला लवकर येते. झालं समाधान? हासू नको. घर खाते रे, एजाज. दिवस-दिवस तोंड उघडाले कोनी नाई. मासोयासंग बोललं तं त्या बुडी मारतात.

उचल तुहा पंप. तळ्यात धुऊ नको, घरी ने. लखनले सांग, मारलं म्हना औषध. आनं जातांनी हेमलाच्या दारावरून जाय. तिले म्हना, भागिरथाबाईच्या तळ्याकाठी गवत लय माजलं, गुडघ्याएवढं झालं.

नसंन झालं. तू सांग तं खरी. जाय.