लसूणघासाचा उजेड

भाऊ : नाही म्हणजे काय, ताई? इतकी वर्षं तुझे हे चमकणारे कण आमच्या कानीकपाळी. शिरेतून सोडले की गाठीत जाऊन बसतात, अवरक्त कॅमेऱ्याखाली गाठीची कड उजळते, सर्जनला नेमकं कापता येतं. तुझेच शब्द. आणि आईची गाठ काढायची वेळ आली, तर नाही?

ताई : हळू बोल. बाहेर प्रयोगशाळेतल्या मुली काम करताहेत. हे कण अजून एकाही माणसाला दिलेले नाहीत. परवानगीच नाही.

भाऊ : परवानगीचं मी बघतो.

ताई : काय बघतोस? चोरून देणार?

भाऊ : चोरून म्हण, काही म्हण. सोमवारी ऑपरेशनच्या टेबलाशी मी उभा असणार, तू नाही. गाठ आतड्याला चिकटलीये. थोडी राहिली तर पुन्हा वाढेल. जास्त कापलं तर जन्मभर पोटाला पिशवी लावून फिरेल ती. ती तुझी कोणी नाही का?

ताई : हे परत विचारू नकोस. इकडे ये. पडद्यावर काय दिसतंय?

भाऊ : उंदीर. पोटात लख्ख पांढरं. हेच तर हवंय मला.

ताई : या उंदराला गाठ नाही. कणही टोचलेले नाहीत.

भाऊ : पिंजरे बदलले असतील कुणी.

ताई : मलाही तेच वाटलं. पोरींवर उगाच ओरडले. मग एकेक उंदीर स्वतः तपासला. धडधाकट उंदरांचीही पोटं उजळत होती. डोकं चालेना. शेवटी त्यांच्या खाद्याची गोळीच कॅमेऱ्याखाली ठेवली, तर ती दिव्यासारखी पेटली. त्यात वाळवलेला लसूणघास असतो, जनावरांना घालतात तो. हा उजेड त्याच्या हिरव्या रंगाचा.

भाऊ : म्हणजे इतकी वर्षं तू...

ताई : त्या उजेडात किती गाठ मोजली आणि किती घास, तेच शोधतेय. खाद्य बदललंय. आता काही उंदरांत गाठ चमकते, काहींत नाही.

भाऊ : काहींत चमकते ना? मग झालं. आई काय लसूणघास खाते?

ताई : ज्यांत चमकत नाही, त्यांतही गाठ आहे रे. माझ्या बोटाला लागते. तू तिथे अंधार बघशील, इथे काही नाही म्हणशील, आणि टाके घालून मोकळा होशील.

भाऊ : मी आईला सांगून बसलोय. म्हटलं, ताईचं औषध आहे, काळजी सोड.

ताई : काय म्हणाली?

भाऊ : म्हणाली, तिला आधी विचारलंस का?

ताई : तू रोज कॅमेऱ्याशिवायच कापतोस ना? मग आताच हा हट्ट का?

भाऊ : परवा एका बाईंचं पोट उघडलं. नेहमीचंच काम. मधेच मनात आलं, सोमवारी इथे आई असेल. हात थांबला. सिस्टर विचारत राहिल्या, सर, काय देऊ? कुणाला सांगितलं नाही हे.

ताई : म्हणजे गाठ दिसणार नाही याची भीती नाहीच.

भाऊ : तुझा उजेड असता तर नुसतं त्याच्यामागे जायचं होतं.

ताई : मग तू कापू नकोस. तुला शिकवलं त्या मॅडमना सांग.

भाऊ : स्वतःच्या आईला हात लावायला घाबरला, म्हणतील सगळे.

ताई : म्हणू देत. उद्या मलाही सगळ्या विभागासमोर उभं राहून सांगायचंय, की आमच्या उजेडात घासही होता. नाक तर माझंही कापलं जाणार आहे.

भाऊ : बाहेर जाऊन फोन करतो.

(तो जातो. परत येतो तेव्हा चेहरा धुतलेला असतो.)

ताई : काय म्हणाल्या?

भाऊ : हो म्हणाल्या. म्हणाल्या, तुझ्या फोनचीच वाट बघत होते.

ताई : बरं झालं.

भाऊ : ताई, सोमवारी मग मी काय करू?

ताई : माझ्याजवळ बस. दाराबाहेर.

भाऊ : त्या बाजूला मी कधी बसलो नाहीये.

ताई : बाकडं अरुंद आहे. सरकून बसू.