शिपायांचे अकरा डगले

हॅलो?… अगं चिमणे, हळू! कान फुटेल माझा… काय बसत नाही?… नाटकातला डगला? बाह्या मनगटाच्या चार बोटं वर?… आणि बटणं पोटावर भेटतच नाहीत! अगं, हसत नाहीये… बरं, हसतेय. किती कापलेस?… एकच ना? मग सुटलीस. दहा शिपाई अजून वाचतील.

ऐक. डगला कापायच्या नमुन्याच्या पहिल्या पानावर एक चौकोन आहे, छापल्यावर तो बरोबर पाच सेंटिमीटर भरायला हवा. पट्टी लाव… लाव गं, फोन धरते मी… चार? झालं तर! झेरॉक्सवाल्याने पानात बसवायला सगळं लहान करून छापलं. नमुना शहाणा आहे, वेड्या आपण.

काय?… कुणाला तक्रार केलीस?… नमुना बनवणाऱ्या शिंपीणबाईंना?! ‘तुमचं माप चुकलंय’?… अगं, पण तू तो घेतलास कुठे? विकत मी घेतला, फोनवर, माझ्या वाढदिवसाला!… मग त्या विचारणारच, कुणाच्या नावावर घेतला म्हणून… आणि तू माझं नाव सांगितलंस. वा गं माझी वाघीण!

नाही, रागावले नाही… हो, पाठवला मीच. पण तुला एकटीला. तू टाकलास वर्गाच्या ग्रुपवर. आता चाळीस जणींकडे आहे… ‘त्यात त्यांचं काय गेलं?’ असं कसं? माझी सायकल तुला दिली तर मी पायी जाते ना? इथे माझ्याकडे आहेच, तुझ्याकडे आहे, तुझ्या आत्तेबहिणीकडेही पोचला. मग त्या बाईंकडे विकत घ्यायला जाणार कोण? सहा वेळा डगला उसवून ते माप बसवलंय त्यांनी. लिहिलंय तसं त्यात… वाचलंच नाहीस? चौकोन तरी कुठे वाचलास म्हणा!

हो, हो… अगं ऐक ना! चोर नाही म्हणत तुला. म्हटलं तर आधी मला म्हणावं लागेल… नाही, ‘फोन हॅक झाला’ असलं काही सांगायचं नाही. ग्रुपवरून काढ आधी. आत्ता… काढलास? शाबास.

आता घट्ट बस. मी सकाळीच त्यांना लिहिलंय… हो, सगळं! मगाशी दचकले ते नाटकच गं; त्यांचं पत्र आलं तेव्हाच म्हटलं, ही करणी आपल्या चिमणीची. लिहिलं, चूक माझी, आणि नाटकापुरते अकरा डगले शिवू द्याल का?… नाही म्हणाल्या तर? तर माझ्या दादाचा जुना कोट उसवू, वर्तमानपत्रावर ठेवू, आपलं आपण आखू. वाकडे शिपाई लढत नाहीत का?… शुक्रवारपर्यंत होईल गं. मी आहे ना!

थांब… दुसरा फोन येतोय… त्याच. शिंपीणबाई… नाही, उचलणार! तू रडू नकोस, कापड भिजेल. ठेवते!

हॅलो?… नमस्कार. हो, मीच… घेणारीही मीच, आणि वाटणारीही.