तीनदा विचारायचं असतं

नाही, दोन नाही, तीनच म्हटलं मी — सायप्रसमधल्या लार्नाकाची तीन तिकिटं, आणि खोल्याही तीन, शक्यतो एका मजल्यावर नकोत. असं बघू नकोस, मुली. सुट्टीवर जाणाऱ्या माणसांना तीन खोल्या लागू शकतात. सुट्टीच आहे ही. समुद्र, ऊन, मासे, ते तव्यावर भाजलेलं हलूमी चीज — आता हलूमी आपल्याकडेही मिळतं म्हणा, आणि समुद्र तर तुझ्या दुकानातूनही दिसतो, तो टेम्पो हलला की — पण बैरुतमध्ये बघितलेला समुद्र म्हणजे काही सुट्टी नव्हे. आणि मधल्या एका सकाळी आमच्यातल्या तिसरीला कुठेतरी फिरायला पाठवता येईल का? बसने वगैरे? नाही, तो मठ नको, हज करून आलीय ती, मठात काय करेल? खाऱ्या तळ्याकाठी ती जुनी मशीद आहे ना, तिथे. तिथे तिला वेळ लागेल, ती सगळ्यांसाठी दुआ मागते, नावं घेऊन. तेवढ्यात आमचं होईल. म्हणजे — आमचं फिरणं होईल. नगरपालिकेचं ऑफिस तिथे सकाळी किती वाजता उघडतं?

हसतेस कशाला? तुझ्या काचेवर त्या पांढऱ्या झग्यातल्या पोरीचं चित्र आहे, खाली लिहिलंय — एका दिवसात लग्न, फुलांसकट — म्हणजे तुला कळलंच असणार. ठीक आहे. पण म्हाताऱ्यांचंही करतात का ते? वयाची अट नाही, ते मला माहीत आहे, कायदा मला माहीत आहे, बाई, मी तोच शिकवला आयुष्यभर. दोन धर्मांच्या माणसांना इथे लग्न लावता येत नाही, समुद्रापलीकडे लावून आलं की इथलं सरकार ते मानतं — हे मी वर्गात सांगायचो आणि पोरं हसायची. मी म्हणायचो, हसू नका, परीक्षेत येतं हे. आता माझ्याच परीक्षेत आलंय आणि मला काही आठवत नाहीये. मी अट विचारत नव्हतो. मी विचारत होतो की तिथला कारकून आमच्याकडे कसा बघेल.

समोर ज्यूसच्या दुकानाबाहेर बसल्यात त्या — निळा स्कार्फ. एकदम वळून बघू नकोस. मादाम ओदेत. ख्रिस्ती आहेत, तिसऱ्या मजल्यावर राहतात, आम्ही पाचव्या. आम्ही म्हणजे मी आणि माझी थोरली बहीण, नझीरा. नझीराने मला वाढवलं. माझ्यापायी तिने लग्न केलं नाही — असं ती म्हणत नाही, मी म्हणतो. ती म्हणते, बरा माणूस भेटलाच नाही, आणि जो घरात होता त्याला मोजे सापडत नव्हते.

तर झालं असं की जेवताना मी तिला सांगितलं, सायप्रसला चाललोय, सुट्टीला. ती म्हणाली, तुला पोहता येत नाही, बेटावर करणार काय? मी गडबडलो. आणि गडबडलो की मी काय करतो? शिष्टाचार. मी म्हटलं, तूही चल ना. आता तूच सांग, आपल्याकडे हे बोलायचंच असतं की नाही? गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसालाही आपण म्हणतो, या, जेवायला बसा, आणि तो म्हणतो, नको, देव बरकत देवो. आपण परत म्हणतो, तो परत नको म्हणतो. तिसऱ्यांदा खरं विचारायचं असतं. पहिल्याच खेपेला कोणी हो म्हणतं का? नझीरा म्हणाली. शांतपणे तोंडातला घास संपवला आणि म्हणाली, येते. सख्खी बहीण, हाजी, सगळ्या गल्लीला रीतभात शिकवणारी बाई — येते म्हणाली. दुसऱ्या दिवशी टोपी घेऊन आली, गवताची, एवढी मोठी.

मग मी मादाम ओदेतना सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं, मग तिघं. बस, एवढंच. त्या रागावल्यात की नाही हे मला अजून कळलेलं नाही. बायकांचं मला कळत नाही असं नाही — नाही, कळतच नाही.

पंखा बंद पडला. वीज गेली का? तुमचा जनरेटर लागेल ना? दार मात्र उघडं ठेव. मला कोंडल्यासारखं होतं. लिफ्टमध्ये अडकलो होतो ना आम्ही, मी आणि मादाम ओदेत, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, अशीच वीज गेली आणि जनरेटरवाला डिझेल आणायला गेलेला. काळोख. त्यांच्या पिशवीत संत्री होती, वास येत होता. किती वेळ गप्प बसणार? काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, असंच आपल्याला एकत्र अडकायचं असेल तर सरळ लार्नाकाला जाऊन लग्नच करू. गंमत. शिष्टाचार म्हण. आणि त्या काळोखात त्या म्हणाल्या — चला.

पहिल्याच खेपेला.

नाही, तसा अर्थ काढू नकोस. मी खोटं बोललो नव्हतो. म्हणजे, खरं बोललो होतो असंही — हे बघ, घरी गेलो तेव्हा मला झोप लागेना, आणि ती भीतीने नव्हे. त्या संत्र्यांच्या वासाने. मला ते हवंय. फक्त मी कधी काही हवंय म्हणून मागितलेलं नाही, समोरचा ताटात वाढतो, मी नको म्हणतो, तो आणखी वाढतो, असंच सगळं आयुष्य गेलं, नोकरीसुद्धा तशीच लागली. न विचारता स्वतःहून हात पुढे कसा करायचा, ते कुठे शिकवतात?

आणि नझीराने काल माझी बॅग भरली. समुद्रावर जायचंय, आणि वर काय ठेवलं — काळा सूट. मी काढला, तिने परत ठेवला. स्वतःच्या पर्समध्ये साखरेचे बदाम घेतलेत, पांढरे, लग्नात वाटतात ते. विचारलं तर म्हणाली, विमानात मला मळमळतं. तिला कळलंय का ग? कळलं असेल तर ती लग्नाला येतेय की मोडायला येतेय? आणि मी तिला विचारू कसा? विचारलं तर सांगावं लागेल.

अरे, त्या उठल्या. इकडेच येतायत. तू काही बोलू नकोस, आपण खोल्यांचं बोलत होतो.

या, मादाम ओदेत, बसा, पंखा बंद आहे जरा. नाही, उशीर कसला, ही मुलगी फार हळू — नाही, माझ्यामुळेच. काय म्हणता? काचेतून दिसत होतं? हातवारे? सवय आहे, वर्गात शिकवायची. काय — नझीराचा फोन? तुम्हाला? कधीपासून बोलता तुम्ही दोघी? रोज? म्हणजे तिला लिफ्टमधलं — बदाम तुम्हीच आणून दिलेत? नाही, मी कुठे घाबरलोय. काय म्हणाली ती? "त्याला सुट्टीच हवी असेल तर आपण दोघीच जाऊ"? आणि तुम्ही काय म्हणालात?

बरं. दोन तिकिटं. तुमचं आणि तिचं. छान आहे. खरंच छान आहे, मशीद बघा तळ्याकाठची.

मी? मला विचारताय, तुम्हीही चला म्हणून? नको, नको, तुमची कशाला उगीच अडचण, तुम्ही दोघी जा, मी काय पोहतही —

मुली, थांब. तिकिटांना हात लावू नकोस. पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. त्या परत विचारतील. बोलू नकोस मध्ये.

विचारतील.