बदामाची ओवाळणी

अगं, मी बेव्हर्ली पार्क सोसायटीत बालवाडी चालवायचे ना, तेव्हाची गोष्ट. ब्याण्णव साल असेल. राखीपौर्णिमेला मी पोरांचा एक खेळ घेतला. प्रत्येकाने आवारातल्या एका झाडाला राखी बांधायची आणि वर्षभर त्याला भावासारखं जपायचं. राख्या बांधून पोरं घरी पळाली. चार वर्षांची जुई मात्र बदामाच्या झाडाखाली हात पुढे करून उभी.

"बाई, हा ओवाळणी कधी देणार?"

"सावली देतोय की तुला."

"ती सगळ्यांनाच देतो. राखी मी एकटीने बांधलीय."

समजूत काढायला मी खाली वाकले, तेवढ्यात वरून कावळा थेट माझ्या डोक्यावर शिटला.

जुईने भोकाडच पसरलं. "तुम्हाला बरी दिली. तुम्ही तर राखीपण नव्हती बांधली."