फुकटची मेलपेटी

…नाही, पण मी म्हणतो, फुकट कोण देतं हो? तुम्हाला सांगतो, उभा जन्म कुलपं विकली मी, कुलपाबरोबर साधी सुतळी कुणाला फुकट दिली नाही, आणि आमची सूनबाई म्हणते, "बाबा, ही सिस्टीम फुकट आहे, जगभरची माणसं मिळून बनवतात." जगभरची! अहो, आमच्या जिन्यातला दिवा बदलायला चार बिऱ्हाडं एकत्र येत नाहीत, आणि जगभरची माणसं माझ्या कॉम्प्युटरसाठी खपतायत… कुठंतरी पाणी मुरतंय की नाही?

पण अडला हरी! माझा थोरला भाऊ, दादा, लांब राहतो. आमचं सगळं बोलणं मेलवर. फोन त्याला पटत नाही, कोण ऐकत असेल सांगता येत नाही म्हणतो. आणि या वर्षी दादाचं एक उत्तर नाही! रागावला? आजारी पडला? जीव टांगणीला लागलेला, त्यात माझी जुनी सिस्टीम कायमची बसली. मग सूनबाईनं ही फुकटची घातली आणि म्हणाली, आता मेलचा प्रोग्रॅमही घालू, सगळी पत्रं घरातच येतील.

बरं, सिस्टीम मराठीत. विचारते काय, तर 'मूळ वापरकर्त्याचा परवलीचा शब्द द्या.' आता हा मूळ वापरकर्ता कोण? कॉम्प्युटर माझा, टेबल माझं, विजेचं बिल माझं… मग मी कोण, पोटभाडेकरू? सूनबाई म्हणते, तुम्हीच ते. बरं, मी तर मी. शब्द टाइप करतोय, तर पडद्यावर काही उमटेना, टिंबसुद्धा नाही! ती म्हणते, सुरक्षिततेसाठी तसंच असतं. म्हणजे मी लिहिलेलं मलाच दिसणार नाही, आणि घेणारा घेतोय! फुकट कोण देतं हो, उगाच?

पुढं म्हणतो, 'सोबत अवलंबित पॅकेजेस बसवली जातील.' अवलंबित! बोलावला एक प्रोग्रॅम, तर हा सासूसासरे, मेव्हणे, सगळं गणगोत घेऊन दारात उभा. मी म्हटलं, एकेकाची चौकशी करून आत घे. सूनबाईनं माझ्याकडं बघितलं आणि सरळ 'होय' दाबलं.

आणि आली की हो पत्रं! धबाधबा! डाव्या बाजूला कप्प्यांची रांग, त्यात एक कप्पा 'संशयास्पद'. सूनबाईनं उघडला… तर आत दादा! वर्षभराचा दादा! 'तातडीचे', 'कुणाला सांगू नकोस', 'पत्ता आधी पडताळून पाहा'… असं लिहिल्यावर कुठलं यंत्र त्याला सज्जन समजेल? आणि शेवटच्या पत्रात एकच ओळ, 'माझ्यावर रागावलास का रे?' डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

सूनबाई म्हणाली, "बाबा, हा कप्पा तुम्ही कधी उघडलाच नाहीत?"

म्हटलं, "ज्यावर 'संशयास्पद' लिहिलंय, तो कप्पा मी उघडीन?"

मग मेलबिल राहू दिलं, सरळ फोन लावला. बराच वेळ वाजला. उचलला, पण पलीकडून हूं नाही की चूं नाही, नुसता श्वास.

म्हटलं, "दादा, मी बोलतोय. तुझा धाकटा."

तर म्हणतो, "कशावरून?"

ऐकलं मात्र, माझी खात्री पटली, हा दादाच, आणि ठणठणीत आहे. आता त्याची खात्री पटेपर्यंत… करायचा रोज फोन, दुसरं काय!