आठशेतली दोन माणसं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय धोंडिरामकाका, एवढ्या पायऱ्या चढून घामाघूम होऊन आलेल्या प्रमुख पाहुण्या, आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका शुभाताई, मंडळाचे सचिव चंद्रप्रकाशभाऊ, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते प्रबुद्ध आणि त्याची बायको प्रियंका, प्रबुद्धच्या मातोश्री सोनूबाई, आणि जांभळी टेकडीवरच्या माझ्या सगळ्या माणसांनो, नमस्कार, जय भीम.

मला पाच मिनिटं दिली आहेत. "सुलक्षणावहिनी, गोड बोला हं," असंही भाऊंनी बजावलंय. बघते.

भाऊंनी आत्ताच अहवाल वाचला. काय छान वाचला! घाटकोपरची ही आपली टेकडी, वरच्या अंगाला आम्ही कोकणातली, खालच्या अंगाला जालना-बुलढाण्याकडून आलेली बौद्ध कुटुंबं, मधे हे समाजमंदिर, आणि लोकसंख्या आठशेच्या वर, दरवर्षी वाढतीच. तुम्ही टाळ्याही वाजवल्यात. मग भाऊ, मला एवढंच सांगा, त्या आठशेंत मला चार माणसं का मिळत नाहीत?

शुभाताई, तुम्ही पाहुण्या, तुम्हाला उलगडून सांगते. आमच्याकडे रिक्षा खाली नाक्यावर थांबते. अँब्युलन्सही तिथेच. वर यायला फक्त पायऱ्या. चढताना तुम्ही तीनदा टेकलात ना? हसू नका रे पोरांनो, तुमचेही गुडघे म्हातारे होणारच आहेत. तर आजारी माणसाला उतरवायला आमची एक खुर्ची आहे. लाल, प्लास्टिकची, खालून दोन बांबू आवळून बांधलेले. चार कोपऱ्यांना चार माणसं लागतात. आमच्या ह्यांच्या, दत्तारामच्या, दोन्ही किडन्या गेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. म्हणजे आठवड्यातून तीनदा ती खुर्ची उतरते आणि तीनदा चढते.

भाऊंचा भूगोल अहवालातला, माझा खुर्चीबरोबरचा. दारातून निघालं की पहिलं वळण नळाचं, तिथे शेवाळ. मग विहारापाशी दम खायचा. गणपतीच्या देवळाशी गल्ली इतकी चिंचोळी, की खुर्ची खांद्याच्या वर उचलावी लागते, नाहीतर ह्यांचे हात भिंतीला खरवडतात. आणि हा प्रबुद्ध पुढचा कोपरा धरून उलटा उतरतो, पाठ उताराकडे करून! का, तर खाली बघितलं की ह्यांना भीती वाटते. मग ह्यांनी त्याच्या तोंडाकडे बघायचं. वर तोंडाचा पट्टा चालूच. "काका, कालची मॅच बघितली ना? वाट लावली यार आपल्या लोकांनी!" हे त्याला शिव्या घालत घालत नाक्यावर पोचतात. कधी पोचलो ते त्यांना कळतसुद्धा नाही.

पूर्वी या खुर्चीला हात लावायला पोरांची झुंबड असायची. हर्षद लग्न करून नालासोपाऱ्याला गेला, आकाश नोकरीसाठी पुण्याला. हर्षदच्या कोपऱ्याला मी उभी राहिले. आकाशच्या कोपऱ्याला प्रियंका, ऑफिसला जायच्या आधी, ओढणी कमरेला बांधून. आणि चौथे आपले अध्यक्ष. काका, शर्टाच्या आत आत्ताही कमरेचा पट्टा आहे ना? डॉक्टरांनी बादलीसुद्धा उचलू नका सांगितलंय त्यांना.

लोकसंख्या वाढली हे खरंच आहे, भाऊ. खोल्या भाड्याने गेल्या. एकेका खोलीत पाच-सहा पोरं राहतात. बिचारी रात्रपाळी करून येतात, दिवसा मेल्यासारखी झोपतात, आणि नाव लक्षात राहीपर्यंत खोली बदलतात. मी दारं वाजवली नसतील असं समजू नका. एकजण आला, दोनदा धरलं त्याने, देव त्याचं भलं करो. तिसऱ्यांदा गेले तर दाराला कुलूप. खाली खोली घ्या म्हणून सांगणारेही पुष्कळ आहेत. बघितल्या ना! डायलिसिसचा पेशंट म्हटलं की मालक म्हणतो, नको बाई.

प्रबुद्ध, तू बदलापूरला लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये चाललास. आईसाठी चाललास. सोनूबाईंचे गुडघे कामातून गेले, कित्येक महिन्यांत त्यांनी नाका बघितलेला नाही. तुला थांब म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण भांडी घासताना मनात एकच चालू असतं, थांब रे, जाऊ नकोस. बघ, बोलले शेवटी.

ह्यांना सगळं कळतं. परवा मला म्हणाले, "गो, आता पुरे झाला. प्रबुद्ध गेलो काय माका खाली न्हेव नको. मी घराकच ऱ्हवान." घरात राहिलं तर काय होतं, ते डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलेलं आहे. तरी म्हणाले. मी म्हटलं, गप ऱ्हवा, च्या थंड होता. आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

ते आत्ताही ऐकतायत. कर्ण्याचं तोंड आमच्याच खिडकीकडे आहे. अहो, ऐकताय ना? तुमचं मी काही ऐकणार नाही. मी तुम्हाला खाली नेणार.

चंद्रप्रकाशभाऊ, घड्याळ दाखवू नका, आवरतेच आहे.

या एका निरोपात खुर्चीचे दोन कोपरे चाललेत. मला दोन माणसं हवीत. आठशेतली दोन. टाळ्या नकोत, सहानुभूती नको. आत्ता, इथे, हात वर करा.

कुणी नाही?

अगं बाई, सोनूबाई! हात खाली घ्या हो. तुम्हाला धड उभं राहवत नाही. आणि रडू नका, मी काय तुम्हाला रडवायला उभी राहिले?

उद्या सकाळी नाक्यावर टेम्पो लागेल, आणि सोनूबाई याच खुर्चीतून उतरतील. माझा कोपरा मी धरणार आहे. देवळापाशी उंच धरीन, तुमच्या हाताला ओरखडा येऊ देणार नाही. मग खुर्ची रिकामी वर येईल.

मंडळाने मला बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, उपकार झाले. गोड बोलायला जमलं नाही, पाहुण्यांसमोर टेकडीची लाज काढली, ते पोटात घाला. प्रबुद्ध, प्रियंका, सुखात राहा रे. बाकीच्यांना एवढंच सांगते, परवा मंगळवार आहे. सकाळी सहाला खुर्ची माझ्या दारात असेल. हे तिच्यात बसलेले असतील, आणि काका आणि मी आपापला कोपरा धरून उभे असू.