पाळणाघराच्या दारात

नाय बाई, अनाथाश्रमाचं नाव नका काढू, हिरू अनाथ नाय — मी हाय ना तिची आत्या, चांगली धडधाकट. शेजारच्या गंगाबाईनं तुमच्या संस्थेत कळवलं ते खरं हाय, पोर एकटीच हमरस्त्यावर गेलती, ट्रकवाल्यानं उचलून आनली — मी खोटं कशाला बोलू? पन मी तवा कारखान्यात होते. चार वर्साची पोर, घरात कोंडून गेले तर रडून रडून निळी पडते, मोकळी ठेवली तर रस्ता गाठते — आता तुमीच सांगा, करू काय? भावजय काविळीनं गेली, माझ्या भावानं, दामूनं, रसायनीला दुसरं लगीन केलं, आन नव्या बायकोला ही नको. माय मरो नि मावशी जगो म्हनतात, आत्याचं नाव कुनी घेतं का? पन मावशी कोन आली नाय, आत्याच आली.

तुमी म्हनता संस्थेकडनं दूध मिळंल, कपडे मिळतील — द्या, नको कशाला म्हनू? पन दूध काय पोरीवर ध्यान ठेवनार हाय? मला फकस्त कामाची पाळी संपेस्तोवर तिला सांभाळनारं कुनीतरी पायजे. आन ते कारखान्यातच हाय की — पाळनाघर, वर पंखा बी हाय, बाकीच्या बाया आपली पोरं ठेवून निवांत कामाला लागतात. पन तिथं म्हनं पोटचंच पोर घेतात, भावाचं चालत नाय. सायबाच्या पाया पडले — सायेब म्हनाला, नियम हाय. मग मी म्हनलं, ही माझीच पोर. तर तिथली आया, सोनुबाई, तिनं हिरूलाच इचारलं, ही तुझी कोन गं — आन ही खुळी हसत म्हनली, आत्या. दारातनं परत पाठवलं, माझा खाडा पडला.

मग मी शिकवलं तिला. रोज जेवताना — आई म्हन, मग घास देते. म्हनंच ना, आई मेली म्हनायची, कार्टी लई हट्टी, आमच्या घरान्यावरच गेलीय. आता म्हनते — नाय, मारलं असं नाय, एखादी चापट, पोराला कोन मारत नाय सांगा? गालावरचं ते... ती पडली. पडली म्हनजे — बाई, उद्या तिला परत घेऊन जानार हाय, सोनुबाईनं पुन्यांदा इचारलं आन ही चुकली तर खोटं बोलले म्हनून मला कामावरनं काढतील, मुकादमानं सांगितलंय, मग दोघींनी खायाचं काय? तुमी सायबाला एक शब्द सांगा, आत्यानं वाढवलेलं पोर बी घ्या म्हनून. एवढं करा, बाकी काय नको मला.

थांबा, तुमीच बघा किती शहानी झालीय. हिरू, ये गं भायेर. बाईंना सांग, मी तुझी कोन?

ऐकलंत? आई म्हनली — हिरू, हात खाली घे. डोस्क्यावरचा हात काढ गं, बाई हायेत ना, आता नाय मारत मी...

बाई, नका अशा बघू. जावा तुमी. जावा.